गिधाडांच्या वाट्याचा बैल

कोशा नळीत घसरला तेव्हा पुतळाबाई रोपांची जमीन भाजायला, राबासाठी, पालापाचोळा गोळा करत होती. आधी दगड गडगडल्याचा आवाज आला आणि मग बैलाचा असा हंबरडा आला की तिने हातातली पाटी तिथेच टाकली.

नळी म्हणजे डोंगराच्या अंगावरची पाण्याची वाट. चैत्रात ती कोरडी ठणठणीत असते, नुसते सुटे दगड. कोशा खाली दोन दगडांच्या मध्ये अडकून पडला होता. पुढचा पाय अंगाखाली दुमडलेला, तोंडाला फेस. तिचा नवरा सोमा तिच्याआधी पोचला होता. त्याने बैलाचं डोकं मांडीवर घेतलं होतं आणि "ऊठ रे बाबा, ऊठ," असं हळू आवाजात म्हणत होता.

पाड्यावरच्या चार माणसांनी दोर लावून, धरून धरून बैल घरी आणला. तोवर खांदा भोपळ्यासारखा सुजला होता. अंगणातल्या आंब्याखाली तो बसला तो बसलाच. श्वास घेताना फासळ्यांतून घरघर यायची.

"डाक्तरला घेऊन येतो," सोमा म्हणाला. "त्याची सुई द्यायची. दुसऱ्या कोणाची नाय."

"जा लवकर."

सोमा तांब्याभर पाणी पिऊन निघाला. सरकारी डॉक्टर तालुक्याच्या गावी. डांबरी रस्त्यापर्यंत डोंगर उतरून चालत जायचं, तिथून मिळेल ती जीप.

सोमा भोये हा कातळपाड्याचा गिधाडवाला. पाड्याच्या वर काळा कडा आहे, त्याच्या कपारींत लांब चोचीची गिधाडं राहतात. कड्यावर त्यांच्या विष्ठेचे पांढरे ओघळ लांबून दिसतात. एके काळी ती आभाळभर होती. मग ढोरांना दुखण्यावर एक औषध टोचायला लागले. असलं ढोर मेलं आणि गिधाडांनी ते खाल्लं की त्यांची मूत्रपिंडं बंद पडायची, मान खाली घालून बसल्या जागी मरायची. सरकारने ते औषध जनावरांसाठी बंद केलं, पण तोवर मोजकीच उरली. मग वनखात्याने कड्याखालच्या माळावर जाळीचं कुंपण घातलं. आजूबाजूला मेलेली ढोरं तिथे आणून टाकायची आणि गिधाडांनी निर्धास्त खायची. कागदावर त्या जागेचं नाव 'गिधाड उपाहारगृह' होतं, पाड्यावर तिला नुसतं 'जाळी' म्हणत. दारात जाऊन 'काय टोचलं का' विचारायचं आणि मेलेलं ढोर आणायचं, हे काम सोमाकडे. लग्नात पंगतीला बसला की शेजारचा जरा सरकून बसायचा. पोरं पाठीमागून 'गिधाड्या' म्हणायची. सोमाला त्याचं काही वाटत नसे, वाटायचं ते पुतळाबाईला. मुलगा दिनेश अंबडला कंपनीत होता, तो तर कारखान्यात कोणाला सांगतच नसे, बाप काय करतो ते.

दुपार झाली. आंब्याची सावली सरकली तसा बैल उन्हात आला. पुतळाबाईने त्याच्या अंगावर ओलं पोतं टाकलं. हातपंपावरून आणलेली घागर त्याच्या तोंडाशी धरली, पण त्याने तोंड फिरवलं. मग तो कण्हायला लागला. माणसासारखा. थांबून, दम घेऊन, पुन्हा. चूल पेटवली तरी ते ऐकू येत होतं, कानांत बोटं घातली तरी ऐकू येत होतं. जोडीचा तांबू गोठ्यातून सारखा दावं ओढत होता.

तिने किती वेळा बांधावर जाऊन रस्ता बघितला असेल. सोमा येत नव्हता. आला तो ज्ञानेश.

ज्ञानेशचं बाजाराच्या गावात औषधाचं दुकान होतं आणि आठवड्यातून एक-दोनदा तो मोटारसायकलवर पाडे फिरायचा. माणसांना ताप, ढोरांना सूज, सगळ्यांना सुई. मागच्या साली सोमाने त्याला कातळपाड्यातून हाकलून दिला होता. धनराजच्या गाईला तो तीच बंद झालेली सुई देत होता, सोमाने त्याच्या हातातून बाटली हिसकून दगडावर फोडली होती. गाय चार दिवस ओरडून मेली. तेव्हापासून ज्ञानेश पाड्यात न शिरता खालच्या वाटेने जायचा. आज बैलाचा आवाज ऐकून थांबला.

"मावशे, काय झालं?"

"नळीत पडला."

त्याने जवळ येऊन खांदा दाबला. कोशाने डोळे पांढरे केले.

"लय दुखतंय त्याला. एक सुई दिली तर तासाभरात उठंल."

"कंची सुई?"

ज्ञानेशने नुसतं कड्याकडे बघितलं. पुतळाबाईला कळलं.

"ती नको. आमचे हे डाक्तर आणाया गेलेत."

"डाक्तर आज येतो का? तिकडं लसीचं शिबिर चालू हे. उद्या आला तर नशीब." तो मोटारसायकलकडे वळला आणि परत फिरला. "मावशे, एक सांग. बैल मरणार हे का?"

"नाय! असं काय बोलतोस."

"मग गिधाडाचा संबंध काय? जित्या बैलाला गिधाड खातं का? आठ दिवसांत औषध मुतावाटे निघून जातं. त्याचं दुखणं तेवढं थांबंल."

कोशा कण्हला. त्याची जीभ बाहेर आली होती, तिला माती लागली होती. पुतळाबाईने पदराने ती पुसली. या बैलाला तिने दूध पाजून वाढवलं होतं, त्याची आई तो लहान असतानाच गेली होती.

"दे," ती म्हणाली. "लवकर दे आन् जा."

ज्ञानेशने मानेत सुई मारली. बाटली खिशात घातली आणि मोटारसायकल सुरू न करताच उतारावरून ढकलत नेली.

सोमा संध्याकाळी आला तेव्हा कोशा उभा होता. तीन पायांवर, पण उभा. समोरचा कडबा चघळत होता. सोमा बांधावरच थांबला. मग त्याने डोक्याचं मुंडासं काढलं आणि हसला, तोंडातले पडलेले दात दिसतील एवढा हसला.

"बघ! बघ माझा बैल! डाक्तर म्हणतो उद्या सकाळी येतो. मी म्हणलं काय होतंय काय नाय वाटेत. आन् हा उठून बसला!"

"उठला," पुतळाबाई म्हणाली.

"काय केलंस गं?"

"काय नाय. पाण्याचं पोतं टाकलं."

तेव्हा बोलायचं होतं. पण तो बैलाच्या पाठीवरून हात फिरवत होता, त्याच्याशी बोलत होता, आणि तिला वाटलं, बरा होतोय की. बरा झाला म्हणजे सांगायचं तरी काय उरलं.

दुसऱ्या दिवशी डॉक्टर आला. त्याने तपासलं, आत काही फाटलं असेल तर सांगता येत नाही म्हणाला आणि दुखण्यावर सुई दिली. ही गिधाडांना चालणारी. "आधी काही दिलंय का?" त्याने विचारलं. सोमाच बोलला. "नाय साहेब. माझ्या घरात?" आणि तो पुन्हा हसला. पुतळाबाई चुलीपाशी होती. तिने फुंकणी तोंडाला लावली.

त्यानंतरच्या पहाटे कोशा मेला. पोट फुगलं होतं, नाकातून रक्त आलं होतं. सोमा त्याच्यापाशी बराच वेळ बसून राहिला. रडला नाही. उजाडल्यावर उठला, हात झटकले.

"जाळीत नेऊ त्याला."

पुतळाबाई बैलाच्या आडवी आली. "आपला बैल हे. मातीच देऊ की."

"लोकांची ढोरं गिधाडाला आन् आपलं मातीला? मग लोक काय म्हनतील मला?" त्याचा आवाज बसला होता. "आन् कपारीत पिल्लू हे. वर्साला एक अंडं घालतं ते पाखरू, एक. महिना झाला जाळीत काय पडलं नाय. कोशा जन्मभर राबला, जाताना पण कोणाच्या तरी पोटात जाईल. चांगलंच हे."

ट्रॅक्टर पाड्यात एकट्या धनराजकडे होता. तो आला, पण खाली उतरला नाही. बैल ट्रॉलीत चढवताना दोराचा काच मानेला बसला आणि पुतळाबाईला दिसलं, सुई मारली होती तिथे केसांवर अजून चिकट डाग होता. सोमाने बैलाच्या पायातला काळा गोफ सोडून घेतला, तेवढाच. ट्रॉली निघाली. मागून सोमा चालत गेला.

ती घरात आली. भाकरी थापायला बसली. पहिली भाकरी तव्यावर जळली, तिने दुसरी टाकली. उठली, गोठ्यात जाऊन तांबूपुढे गवत टाकलं, त्याने हुंगलंसुद्धा नाही. ती परत आली, परत बाहेर गेली. अंगणात बैल बसला होता ती जागा ओली होती. तिने राख आणून टाकली. मग वर बघितलं.

एक गिधाड कड्यावरून सुटलं होतं. पंख न हलवता ते माळावर आलं. मग दुसरं. मग आणखी. कुठून कुठून येतात कळत नाही. एकाने खाली बघितलं की दूरच्याला समजतं, असं सोमा सांगायचा. ती गोल फिरत होती आणि गोल हळूहळू खाली येत होता.

पुतळाबाईने भाकरीचं पीठ लागलेले हात तसेच ठेवून धावायला सुरुवात केली. पायात चप्पल नव्हती. चढणीवर करवंदीच्या झुडपात लुगडं अडकलं, तिने ओढलं, ते फाटलं. छाती भरून आली तशी ती दगडाला धरून वाकली आणि पुन्हा चढायला लागली.

जाळीच्या बाहेर पाड्यावरची माणसं लांब बसली होती, गिधाडं बुजू नयेत म्हणून. कुंपणात बैल पडला होता. कावळे त्याच्या डोळ्याशी आले होते. गिधाडं जमिनीवर उतरून थोड्या अंतरावर मान खाली घालून उभी होती. त्यांचं असंच असतं, भूक असली तरी आधी थांबतात. पण दोन धीट पक्षी पुढे झाले होते आणि मागच्या मऊ जागेतून ओढत होते.

"हाकला!" ती ओरडली. "हाकला त्यांना!"

सोमा उठला. "पुतळे, येडी झालीस का? गप."

"त्याला सुई दिली हे. ज्ञानेशची. मी दिली. ती सुई."

सोमाला पहिल्यांदा काही समजलंच नाही. तो तिच्या तोंडाकडे बघत राहिला. मग त्याने दगड उचलला.

ज्या माणसाने इतकी वर्षं कोणाला त्या पक्ष्यांकडे साधा खडा मारू दिला नव्हता, तो आता फाटकातून आत धावला आणि दगड मारत सुटला. "हा! हा! हुर्र!" गिधाडं बेंगरूळ उड्या मारत मागे गेली, जड पंख आपटत उठली. त्या दोघांतलं एक तोंडात मांसाची पट्टी घेऊन उडालं. सोमा त्याच्यामागे कुंपणापर्यंत पळाला, हात वर करून, जसं काही तो ती पट्टी काढूनच घेणार होता.

धनराज ट्रॅक्टरच्या चाकाला टेकून उभा होता. तो म्हणाला, "म्हणजे तुमच्या बैलाला दुखतं. आमच्या गाईला दुखत नव्हतं."

सोमाने हातातला दगड खाली टाकला.

"चार दिवस वरडली ती. माझी आई चार दिवस जेवली नाय." त्याने ट्रॅक्टर सुरू केला. इतर माणसंही हळूहळू उठली. एक जण जाता जाता थुंकला. कोणाच्या दिशेने, ते सांगता आलं नसतं.

बैल तिथे ठेवता येत नव्हता आणि हलवायला ट्रॅक्टर नव्हता. दोघांनी कुंपणातच, त्याच्या शेजारी खणायला घेतलं. सोमाने घरून कुदळ, पहार, घमेलं आणलं. वीतभर मातीनंतर कातळ लागला. जागा बदलली, पुन्हा कातळ. तिसऱ्या जागी मुरूम निघाला. सोमा खणायचा, पुतळाबाई घमेल्याने ओढून टाकायची. ऊन डोक्यावर होतं. गिधाडं कड्याच्या कडेला ओळीने बसून बघत होती. मधूनच एखादं उतरायचं, मग एकाने काम टाकून दगड उचलायचा.

वनरक्षक तेजल दुपारनंतर आली, धावतच. धनराजनेच तिला फोन केला होता. तिने काही न विचारता पहार हातात घेतली. खड्डा खोल हवा होता, कोल्ह्याकुत्र्यांनी उकरायला नको. तिच्या हाताला फोड आले. दिवस कलला तेव्हा तिघांनी पहारीची तरफ करून बैल आत लोटला. तो कुशीवर पडला, एक पाय वर राहिला. सोमा आत उतरला आणि तो पाय त्याने दुमडून नीट ठेवला.

"किती पाखरांनी खाल्लं?" तेजलने विचारलं.

"दोन."

"बघू या," ती म्हणाली. "थोडंच खाल्लं असेल."

पण सोमाला आणि तेजलला, दोघांनाही ठाऊक होतं की थोडंही पुरतं.

घरी सोमा बोलत नव्हता. जेवायचा, उठायचा, कड्याखाली जाऊन बसायचा. पुतळाबाईही जायची, त्याच्यापासून लांब दुसऱ्या दगडावर. कपारीत पिल्लू दिसायचं, करडं, अर्धवट पिसांचं, आईबापाची वाट बघत कडेशी येणारं. एक मोठं गिधाड यायचं, त्याच्या चोचीत घास ओकायचं. दुसरं आलं नाही. ते त्या दोघांतलं होतं की काय, कोण सांगणार. सगळी सारखीच दिसतात.

मग एका सकाळी तिला एक गिधाड सापडलं. ऐनाच्या झाडाखाली बसलेलं, मान लुळी पडून छातीवर आलेली. ती जवळ गेली तरी उडालं नाही. मान एकदा उचलली, तिच्याकडे बघितलं, पुन्हा मान पडली. ती खाली बसली. हाकलायला काही नव्हतं, पाजायला काही नव्हतं. सोमा आला तोवर ते मेलं होतं. तेजल येऊन पोत्यात घालून घेऊन गेली, तपासायला.

त्या दिवशी सोमा बोलला.

"मला का नाय सांगितलंस?"

"तू हसत होतास."

"मेल्यावर सांगायचंस."

"सांगितलं असतं तर तू मला काय केलं असतंस?"

"ते काय माहीत नाय," तो म्हणाला. आणि मग, "ज्ञानेशची बाटली फोडली तसं तुझं डोकं फोडलं असतं मी. कदाचित."

दुसऱ्या दिवसापासून त्याने ढोर आणायला जाणं बंद केलं. फोन आला तर उचलायचा नाही. लोकांच्या दारात जाऊन कोणत्या तोंडाने विचारू, म्हणायचा.

वैशाखात हातपंपाला पाणी कमी झालं. बायका खालच्या झिऱ्यावर जायला लागल्या. झिरा भरेपर्यंत बसून राहावं लागे. पुतळाबाई आली की त्यांचं बोलणं थांबायचं. ती वाटीने पाणी भरायची आणि उठायची. एकदा मात्र चंद्रभागा मागे राहिली. पाड्याच्या खालच्या टोकाला तिचं घर, नवरा द्राक्षाच्या मळ्यावर कामाला गेलेला.

"पुतळावयनी, तुला एक सांगू? कोणाला बोलू नको."

"काय?"

"शिमग्याला आमची म्हस मेली ना. सोमादादा आला, विचारलं, काय टोचलं का. आमी नाय म्हनलो." तिने घागरीच्या काठावर बोट फिरवलं. "टोचलं होतं. तेच. पण तो असा दारात उभा ऱ्हातो ना, पोलिसासारखा. खरं सांगाया भ्या वाटतं."

पुतळाबाईची वाटी पाण्यात तशीच राहिली.

"आन् आमचीच नाय," चंद्रभागा म्हणाली. "लय जनांची."

घरी येऊन तिने हे सोमाला सांगितलं. तिला वाटलं तो चिडेल. तो भिंतीला टेकून बसला. "म्हणजे इतकी साल मीच त्यांना इख घालत होतो," एवढंच म्हणाला आणि तोंडावर हात ठेवला. ती त्याच्या शेजारी बसली.

मग धनराजची म्हैस मेली. त्याचं पोरगं सांगायला आलं ते दारातूनच ओरडून गेलं. सोमा उठला नाही. पुतळाबाईने डोक्यावर पदर घेतला आणि निघाली.

धनराज गोठ्यासमोर उभा होता. म्हैस आत पडलेली, तिच्यावर माश्या घोंघावत होत्या.

"तू का आलीस?"

"विचाराया. काय टोचलं हे का तिला?"

"नाय."

पुतळाबाईने मान हलवली. ती गेली नाही आणि ओरडलीही नाही. गोठ्याच्या उंबऱ्यावर बसली. पाय दुखत होते.

"मी तर नाय पण म्हनले नव्हते," ती म्हणाली. "नुसती फुंकनी फुंकत बसले. डाक्तर विचारत होता, मी चुलीत फुंकत होते. नंतर ते पाखरू माझ्याकडं बघून मेलं." तिने पाय चोळले. "तुझ्या गाईच्या वेळी आमचं चुकलं रे. हातातली बाटली फोडली, पण दुसरी सुई आनून दिली नाय. ती द्यायला पायजे होती."

धनराज गोठ्याच्या खांबाला नखाने कोरत होता. आतून त्याची म्हातारी चिमणाबाई बाहेर आली आणि दोघांकडे बघत उभी राहिली.

"सांग की तिला," म्हातारी म्हणाली.

"दिली," धनराज म्हणाला. "काल एक, परवा एक. वरडनं ऐकवंना."

"नाय ऐकवत," पुतळाबाई म्हणाली. "जमीन कुठं मऊ हे तुझ्या वावरात?"

त्याने वावराच्या खालच्या अंगाला बोट दाखवलं. ट्रॅक्टरने म्हैस तिथे नेली. धनराजने कुदळ काढली, चिमणाबाईने घमेलं दिलं. खणायला लागले तेव्हा पुतळाबाईला बांधावर माणूस दिसला. सोमा होता. खांद्यावर पहार. तो आला, धनराजकडे न बघता खड्ड्यात उतरला आणि मुरमावर पहार घातली. थोड्या वेळाने धनराजने त्याला पाण्याचा तांब्या दिला, तो त्याने घेतला.

वर गिधाडं आली होती. त्यांनी म्हैस बघितली होती. गोल फिरत होती, खाली येत होती. आता दगड मारावे लागले नाहीत, माणसं होती म्हणून ती उतरली नाहीत. माती पडायला लागली तशी एकेक करून वर सरकली.

सोमाने घाम पुसला. "आज उपाशी जातील," तो म्हणाला.

"जाऊ दे," पुतळाबाई म्हणाली. "जित्ती जातील तर खरं."

तिने घमेलं भरलं आणि म्हशीच्या तोंडावर माती टाकली.